उशिरा आलेले बरोबर उत्तर

दोन हिवाळ्यांपूर्वी पुसेगावला आमच्या शेतावरची डीपी जळाली, तीही ऐन हळदीला पाणी द्यायच्या दिवसांत. दुसरी डीपी येईपर्यंत हळदीची पाने पिवळी पडायला लागली होती. पुण्याहून मी गावी गेलो, तेव्हा धाकट्या भावाने मला विहिरीवरचा स्टार्टर उघडून दाखवला. ‘दादा, आपला ऑटो तर बरोबरच चालतोय की!’ तो म्हणाला. तपासून पाहिले, खरेच बरोबर होता. शेजारच्यांचेही बरोबर होते.

माझी बरीच वर्षे एम्बेडेड सिस्टीममध्ये गेली. एम्बेडेड सिस्टीम म्हणजे स्वतःचे अस्तित्व न दाखवता दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसून त्याला चालवणारा संगणक. गाडीच्या ब्रेकमध्ये तो असतो, लिफ्टमध्ये असतो, आणि नव्या ऑटोच्या डबीतही असतो. लाइट आली, तिन्ही फेज नीट आहेत, दाब पुरेसा आहे, एवढे तो पाहतो, ठरलेले सेकंद थांबतो आणि मोटार चालू करतो. रात्री दोनला लाइट येते, तेव्हा थंडीत, काळोखात, विंचूकाट्यातून कुणाला विहिरीवर जावे लागत नाही. ऑटो काढून टाका, असे वीज कंपनी कितीदा सांगते, तरी कुणी काढत नाही, ते यामुळेच.

आता हिशेब पाहा. आमची डीपी ६३ केव्हीएची. तिच्यावर अकरा मोटारी, सगळ्या पाच हॉर्सपॉवरच्या. एका मोटारीला चालताना साधारण साडेपाच केव्हीए लागतात, म्हणजे एकूण साठ. बसते. पण मोटार उठताना, त्या पहिल्या काही सेकंदांत, नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. अकराही एकदम उठल्या, तर मागणी साडेतीनशेच्या घरात जाते. दाब कोसळतो. दाब कमी दिसला की प्रत्येक ऑटो शहाण्यासारखा मोटार बंद करतो. मोटारी बंद झाल्या की दाब पुन्हा चढतो. मग अकराही ऑटो पुन्हा तेवढेच सेकंद मोजतात, कारण कारखान्यातून सगळे त्याच आकड्यावर लावून आलेले असतात, आणि पुन्हा एकदम उठतात. आमच्या डीपीवर हे रात्रभर चालत असे. चूक एकाही डबीत नव्हती.

गुंतागुंतीच्या एम्बेडेड सिस्टीमवरचे बरेचसे संशोधन नेमके इथून सुरू होते. सुटे भाग बरोबर असले म्हणून त्यांची जोडणी बरोबर ठरत नाही, आणि जोडणी बिघडते ती बहुधा वेळेपायी. साध्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे उत्तर दोन मिनिटे उशिरा आले, तर आपण वैतागतो, इतकेच. ब्रेकचे उत्तर उशिरा आले, तर ते चुकीचेच असते.

मग वेळ वाटायची कशी? लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली गणिताने दाखवले, की ज्याचे काम वारंवार येते त्याला आधी मान दिला आणि कामे एकमेकांवर अडून नसली, तर प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्के वेळ भरेपर्यंत कुणाचीही मुदत चुकत नाही. सरासरीने नव्हे, कधीच नाही. ‘कधीच नाही’ असे छातीठोक सांगता येणे, हेच या शास्त्राचे खरे धन. पण अट विसरली की काय होते, ते १९९७ च्या जुलैत मंगळावर दिसले. पाथफाइंडर यानाचा संगणक उतरल्यावर काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या दुय्यम कामाने एक सामाईक किल्ली धरून ठेवली होती, त्याहून कितीतरी महत्त्वाचे काम त्या किल्लीसाठी ताटकळत होते, आणि मधल्या दर्जाची कामे हवामानवाल्याला हातच मोकळा करू देत नव्हती. किल्ली ज्याच्या हातात, त्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा मान द्यायचा, हा उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० सालीच तपशीलवार मांडला होता. यानात ती सोयही होती, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान सुधारले.

व्हिएन्नाचे हेरमान कोपेट्झ यांची वाट वेगळी. त्यांच्या मते मानपानाची भानगडच नको: सगळ्यांची घड्याळे एक करा आणि ज्याची त्याची वेळ आधीच नेमून द्या. कालव्यावरची शेजपाळी माहीत असलेल्याला हे समजावून सांगावे लागू नये.

या काटेकोरपणाची कमाल आता आमच्याच जिल्ह्यात यायची आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहू, आणि त्यांत टांगलेले चाळीस-चाळीस किलोचे आरसे. गुरुत्वलहरीने ते प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाइतके हलले, तरी कळले पाहिजे. त्यासाठी आरसे एरवी जागेवर धरावे लागतात. अमेरिकेतल्या लायगोत संगणक हे काम सेकंदाला १६,३८४ वेळा करतो: आरसा कुठे आहे ते वाचायचे, किती ढकलायचे ते काढायचे, ढकलायचे. एका फेरीला ६१ मायक्रोसेकंद. झोपाळा थांबवायला लावलेला हात उशिरा पोचला की झोका उलट वाढतो, तसेच इथे. म्हणून प्रोसेसरचा एक अख्खा गाभा लिनक्सच्या हातून काढून घेऊन या एकाच कामाला बांधून टाकतात. बराच वेळ तो नुसता वाट पाहत बसतो. सरासरी पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. सर्वांत वाईट क्षणाचा हिशेब मांडणाऱ्याला वाटत नाही.

नवी डीपी आली, तेव्हा आम्ही अकरा जण बांधावर बसलो. पहिल्या ऑटोला पंधरा सेकंद, दुसऱ्याला तीस, असे करत शेवटच्याला पावणेतीन मिनिटे. आकडे स्टार्टरच्या पेट्यांवर खडूने लिहिले. शेवटचा नंबर कुणीच घेईना, म्हणून तो आम्ही घेतला. महिनाभर रात्री शांत गेल्या. मग एका पहाटे भावाचा फोन आला, की मोटारी पुन्हा बंद-चालू होताहेत. त्याने पेट्या पाहिल्या. खडूचे आकडे तसेच होते. आत मात्र दोघांनी गुपचूप पंधरा लावून ठेवले होते.