भ्रमणध्वनी मनोरे व संपर्कव्याप्तीची स्थानिक पडताळणी : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

बोलीभाषेत आपण ज्याला ‘रेंज’ म्हणतो, ती मनोरा जवळ असला म्हणजे मिळतेच, असा समज रूढ आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनी कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. परंतु असे नकाशे साधारणतः मोकळ्या जागेतील स्थिती दर्शवितात. चाकणमधील कारखान्यांच्या शेडचा धातूचा पत्रा रेडिओ लहरी परावर्तित करतो. परिणामी आत काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला बँकेचा ओटीपीदेखील वेळेवर मिळेलच असे नाही.

पडद्यावरील दांड्यांवर विसंबणे योग्य नव्हे. त्यांचे प्रमाण फोनच्या उत्पादकागणिक बदलते. अनेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ येथे संदेशपातळी डीबीएम एककात दिसते. रस्त्यावर उणे ८० व शेडमध्ये उणे ११० अशी नोंद आढळल्यास आत पोहोचणारी शक्ती बाहेरच्या केवळ एक सहस्रांश असते. पातळी उत्तम असूनही पाळी सुटताना इंटरनेट अडत असेल, तर उणीव व्याप्तीची नसून क्षमतेची असण्याचा संभव अधिक. म्हणून एकाच जागी निरनिराळ्या वेळी नोंदी घ्याव्यात.

निवासी भागांत प्रारणाच्या भीतीने गच्चीवरील मनोऱ्यांना विरोध होतो. मात्र संदेश क्षीण असता फोन स्वतःची प्रेषणशक्ती वाढवितो, आणि फोन तर कानाशीच असतो! शंका असल्यास २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावरून शुल्क भरून प्रारणाची मोजणी मागविता येते.