लैंगिक संप्रेरके आणि श्वसनस्नायू : बल व घडण

प्रस्तावना

प्राणहिता नदीच्या पश्चिमेस, महाराष्ट्राच्या सीमेजवळ बेज्जूर हे मंडल आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. अशा ग्रामीण भागात गरोदर स्त्रीला दम लागला की ‘अशक्तपणा’ आणि पन्नाशीतील स्त्रीला लागला की ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपविला जातो. ही दोन्ही उत्तरे का अपुरी आहेत, हे शरीरशास्त्राच्या आधारे पाहणे आवश्यक आहे.

स्नायूंची घडण

श्वास घेण्याचे मुख्य कार्य छाती व पोट यांमधील श्वासपटल करते. बरगड्यांमधील स्नायू त्यास साहाय्य करतात. श्वासपटलातील सुमारे निम्मे तंतू मंद परंतु चिवट, तर उरलेले जलद व जोरकस असतात. पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्नायूंतील प्रथिननिर्मिती वाढवून तंतू जाड करते. पूर्ण जोर लावून श्वास ओढताना स्त्रियांमध्ये निर्माण होणारा दाब पुरुषांपेक्षा साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी भरतो. यात शरीराच्या आकारमानाचाही वाटा आहे. मात्र बल कमी म्हणजे चिवटपणा कमी, असे नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घ व्यायामानंतर स्त्री खेळाडूंचे श्वासपटल पुरुष खेळाडूंच्या तुलनेत कमी थकल्याचे आढळले.

गरोदरपण आणि रजोनिवृत्ती

प्रोजेस्टेरॉन प्रामुख्याने स्नायूंवर नव्हे, तर मेंदूतील श्वसनकेंद्रावर परिणाम करते. गरोदरपणात ते वाढल्याने दर मिनिटाला आत घेतली जाणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते. तरीही श्वसनस्नायूंचे कमाल बल जवळजवळ तेवढेच राहते. म्हणजे हा दम बहुधा दुबळेपणाचा नसून वाढलेल्या श्वसनप्रेरणेचा असतो.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन दोन्ही घटतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीनुसार या काळात फुप्फुसांची क्षमता केवळ वयामुळे अपेक्षित असते त्याहून वेगाने घटते. स्नायूंचे बल घटणे व हाडे ठिसूळ होऊन छातीचा पिंजरा आखडणे, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. त्यात चुलीच्या धुराची भर पडल्यास हानी अधिक होते.

निष्कर्ष

श्वासाची प्रेरणा, स्नायूंचे बल आणि त्यांचा चिवटपणा या तीन वेगळ्या बाबी आहेत. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून दिल्यास दोन गोष्टी साध्य होतील. एक, श्वसनचाचणीचे स्त्रियांचे निकाल पुरुषांच्या मापाने तोलले जाणार नाहीत. दुसरी, स्वस्थ बसलेले असतानाही लागणारा दम, छातीत दुखणे किंवा चेहऱ्यावरील फिकटपणा ‘बाईमाणसाचे चालायचेच’ म्हणून दुर्लक्षिला जाणार नाही. कारण त्यामागे रक्तक्षय, हृदयविकार वा दमा असू शकतो. अशा वेळी वैद्यकीय तपासणीस विलंब होता कामा नये.