राजधानीच्या वाटेवरची वैतरणा

बोईसरला सकाळची गाडी पकडून मुंबईला जाणाऱ्या माणसाला सफाळे गेल्याचे डोळे मिटूनही कळते. रुळांचा आवाज बदलतो. जमिनीवरचा ठोका एकदम पोकळ होतो, खिडकीतून खाडीचा खारा वारा आत येतो आणि डब्यातले चार-दोन हात नकळत जोडले जातात. कोणी पिशवीतून कालच्या पूजेचे निर्माल्य काढतो, कोणी रुपयाचे नाणे खिडकीबाहेर फेकतो. मग थोडी जमीन लागते, खाजण दिसते, तिवरे दिसतात, आणि पुन्हा तोच पोकळ आवाज. दोन पूल आणि मध्ये एक बेट. दहा मिनिटांत विरार येते आणि पत्त्यांचा डाव पुढे सरकतो.

ज्या नदीवरून आपण रोज असे जातो तिचे नाव वैतरणा. पुराणातली वैतरणी ही यमलोकाच्या वाटेवरची नदी. ती ओलांडायला गाईचे शेपूट धरावे लागते, म्हणून मरणाऱ्याच्या हातून गोदान करवण्याची रीत पडली. आपली वैतरणा मात्र त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. तिथूनच निघालेली गोदावरी पूर्वेला गेली आणि सगळ्या महाराष्ट्राची झाली. ही पश्चिमेला उतरली आणि मोखाडा, वाडा करीत सफाळ्याजवळ समुद्राला मिळाली. तिच्या वाट्याला फारशी स्तोत्रे आली नाहीत. पण मुंबई नावाच्या राजधानीला तिने जेवढे दिले तेवढे क्वचितच एखाद्या नदीने दिले असेल.

हे पूल येथे का आले हे समजून घ्यायचे तर कापसापासून सुरुवात करावी लागते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची ‘बी. बी. सी. आय.’, ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. बोरीबंदरहून ठाण्याला जाणारी पहिली गाडी १८५३ मध्येच सुटली होती, पण ती दुसऱ्या कंपनीची. बी. बी. सी. आय.ने काम सुरू केले ते गुजरातेत. १८६० मध्ये सुरतेजवळचे उतराण आणि अंकलेश्वर जोडले गेले, १८६३ मध्ये गाडी अहमदाबादला पोचली. पण मुंबई, जी इलाख्याची राजधानी आणि सगळ्या व्यापाराचे बंदर, तीच शेवटी राहिली. कारण मधल्या पट्टीत दमणगंगा होती, वैतरणा होती आणि वसईची खाडी होती. भरतीला समुद्र आत येणारी ही पाणथळ किनारपट्टी. तोवरचा माल गलबतांनी आणि पडावांनीच जात होता, आणि समुद्र फुकटात उपलब्ध असताना खाड्यांवर लोखंड कशाला ओतायचे, असे म्हणणारे शहाणे त्याही काळी होते.

या सर्वांना पुरून उरला तो कर्नल जॉन पिट केनेडी. हा आयरिश माणूस मूळचा लष्करी इंजिनिअर. हिमालयात सिमल्याकडून तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे. कंपनीचा सल्लागार इंजिनिअर म्हणून त्याने एक साधी युक्ती काढली. प्रत्येक नदीसाठी वेगळा पूल आखायचा नाही. साठ फुटांचा एक गाळा ठरवायचा, त्रिकोणांच्या जाळीचे लोखंडी गर्डर एकाच मापाचे विलायतेत करून घ्यायचे, जहाजाने आणायचे आणि नदी रुंद असेल तितके गाळे एकापुढे एक मांडत जायचे. एखादा भाग मोडला तर दुसऱ्या पुलाचा त्याला बसावा. आज आपण ज्याला ‘स्टँडर्ड पार्ट’ म्हणतो तो विचार या किनाऱ्यावर तेव्हा आला.

पण गर्डर टेकायचे कशावर? खाडीच्या तळाशी खडक हाताला लागत नाही. चिखल आणि रेती, रेती आणि चिखल. येथे कामाला आली आणखी एका आयरिश माणसाची कल्पना. बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेलने १८३३ मध्ये ‘स्क्रू पाइल’चे पेटंट घेतले. ओतीव लोखंडाचा पोकळ खांब आणि त्याच्या टोकाला रुंद पात्याचा स्क्रू. खांब उभा करायचा, त्याला आडवे लांब दांडे लावायचे आणि घाणा फिरवावा तसा माणसे किंवा बैल जुंपून तो फिरवत न्यायचा. स्क्रू लाकडात शिरावा तसा खांब तळात शिरतो. पाते रुंद असल्याने भार पसरतो, आणि भोवतालची रेती खांबाला आवळून धरते. गमतीचा म्हणा, चकित करणारा म्हणा, भाग असा की हा मिचेल तरुणपणीच पूर्ण आंधळा झाला होता. समुद्रातल्या वाळूच्या दांड्यांवर दीपगृहे उभी करणारी ही युक्ती त्याने डोळ्यांनी कधी पाहिली नाही. बोटांनी चाचपून ओळखली.

अशा खांबांवर बी. बी. सी. आय.चा मार्ग पाण्यावरून पुढे आला आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी गुजरातेतून थेट ग्रँट रोडपर्यंत गाडी सुरू झाली. मुहूर्त पाहण्यासारखा होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद होता, आणि गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला होता. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. कापसाची तेजी गेली; पूल राहिले. त्यांच्यावरून मग गवत आले, दूध आले, सातपाटीचे पापलेट आले, केळव्याची पाने आणि डहाणूचा चिकू आला. शेवटी माणसे आली. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत धावू लागलेली विजेची गाडी १९३६ मध्ये विरारला पोचली आणि तिथेच थांबली. वैतरणा ओलांडून लोकल डहाणूपर्यंत यायला १६ एप्रिल २०१३ उजाडावा लागला. तोपर्यंत आमचे सगळे गणित शटल आणि मेल गाड्यांचे. फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यात वरच्या मजल्यावर बसून वैतरणा पाहिलेली पिढी आता पन्नाशीच्या पुढे आहे. ते दुमजली डबेही २०२३ मध्ये गेले.

आज ज्यांवरून गाडी जाते ते पूल अर्थातच केनेडीचे नाहीत. वाढत्या इंजिनांचे आणि डब्यांचे ओझे साठ फुटी जाळीच्या गर्डरांना पेलण्यासारखे नव्हते. नंतरच्या काळात पूल नव्याने बांधले गेले. रेल्वेच्या दप्तरात त्यांना क्रमांक आहेत, ९२ आणि ९३. वसईच्या खाडीवरचे ७३ आणि ७५. पण जागा तीच, तळाची रेतीही तीच, आणि पाण्याने त्या रेतीशी मांडलेला खेळही तोच.

हा खेळ बी. बी. सी. आय.ला लवकरच कळला होता. भरूचला नर्मदेवर याच पद्धतीचा पूल होता. नर्मदेला पूर आला की ती खांबाभोवतालची रेती खरवडून नेई आणि खांब उघडा पडे. पुन्हा पुन्हा नुकसान झाल्यावर कंपनीने हात टेकले आणि १८८१ मध्ये तेथे नवा भक्कम पूल उभा राहिला. खर्च एवढा झाला की लोक त्याला सोन्याचा पूल म्हणू लागले. भरूचचा ‘गोल्डन ब्रिज’ तो हाच. एवढ्या वर्षांपूर्वी एका नदीने शिकवलेला हा धडा आहे. पूल खांबावर उभा असतो हे खरे, पण खांब भोवतालच्या रेतीच्या पकडीत उभा असतो.

नर्मदेत रेती पुराने नेली. वैतरणेत ती आपण नेली.

रेती काढणे हा या खाडीचा जुना धंदा. पूर्वी ओहोटी बघून होड्या निघत, माणूस बुडी मारून तळातून पाटी भरून आणी. हातपाटी आणि डुबी म्हणतात ती हीच पद्धत. माणसाच्या छातीत जेवढा दम तेवढीच रेती निघे आणि पुढच्या भरतीला नदी खड्डा भरून काढी. मुंबई उंच वाढू लागली, मग वसई-विरार वाढू लागले, आणि छातीच्या दमाची जागा सक्शन पंपाने घेतली. पंपाला दम लागत नाही. रात्रीच्या अंधारात होडीवरचा पंप काही तासांत ओरबाडतो तेवढे भरायला नदीला कित्येक भरत्या लागतात. तळ खाली जातो, खांबाला आवळून धरणारा थर पातळ होतो, काठ ढासळतात, खारे पाणी भातशेतीत शिरते. पुलाच्या दोन्ही बाजूंना सहाशे मीटरपर्यंत उपसा करायचा नाही असा नियम आहे. रेल्वेने तक्रारी केल्या, महसूल खात्याने छापे घातले, होड्या आणि पंप जाळल्याच्या बातम्या आपण वाचल्या. आणि काही महिन्यांनी पुन्हा तशाच बातम्या वाचल्या.

आपल्या लोकांना पुलाची आठवण तो पडल्यावर येते. पणजीला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो काही जुनापुराणा नव्हता, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. आतल्या पोलादाला गंज चढला होता आणि वरून काही दिसत नव्हते. गोव्याच्या राजधानीला पुन्हा फेरीबोटीत बसून नदी ओलांडावी लागली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. एक पूल नवा, एक जुना. दोन्ही आदल्या दिवसापर्यंत वाहतुकीला खुले होते. वैतरणेवर असे काही घडेल असे भाकीत आम्ही करीत नाही. रेल्वेची पुलांची तपासणी कडक असते आणि पावसाळ्यात पाण्याच्या पातळीवर नजर असते. पण पाळत ठेवणाऱ्याच्या पायाखालची रेती जर रोज कोणी काढून नेत असेल, तर पाळत कशावर ठेवायची?

येथे राजधानीचा हिशेबही एकदा मांडावा. वैतरणेची उपनदी तानसा. तिचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. वैतरणेवरचे मोडकसागर १९५७चे. पुढे ऊर्ध्व वैतरणा झाली, २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाली. दुसरी उपनदी सूर्या. तिचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळले. नदीच्या माथ्यावरून पाणी गेले आणि मुखातून रेती गेली. वरून जे पाणी आणि गाळ यायचा तो धरणात अडला, आणि खाली आहे तो साठा उपसला गेला. दोन्ही बाजूंनी एकाच शहराकडे. त्या शहरात आमचीच मुले नोकरी करतात, तिथल्या इमारतींत आमचेच नातेवाईक राहतात, तेव्हा बोट दाखवताना ते आपल्याकडेही वळते हे मान्य केले पाहिजे.

आता त्या बेटाकडे वळू. ९२ आणि ९३ या दोन पुलांच्या मध्ये वाढीव आणि वैतीपाडा ही वस्ती आहे. पालघर तालुक्यातलीच माणसे, पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारी. गावाच्या डोक्यावरून राजधानी एक्स्प्रेस जाते, दिल्ली-अहमदाबादच्या गाड्या जातात, मालगाड्या जातात. गावाला मात्र रस्ता नाही. बाहेर पडायचे तर होडी, नाहीतर रेल्वेचा पूल. होडी भरती-ओहोटीच्या आणि पावसाच्या मर्जीवर. म्हणून माणसे पुलावरून चालत वैतरणा स्टेशन गाठतात. कामावर जाणारे, भाजी-मासळी विकायला निघालेल्या बायका, कॉलेजची मुले, बेटावर शिकवायला येणारे शिक्षक, आणि कधी झोळीत घालून न्यावा लागणारा आजारी माणूस. नियमाने हा गुन्हा आहे. पण नियमाने चालायचे तर दवाखान्यात पोचायचे कसे, याचे उत्तर नियमात नाही.

या वाटेवर आजवर कित्येक जीव गेले. काही गाडीखाली, काही तोल जाऊन खाडीत. आणि काही जखमा आपल्या भक्तीच्या आहेत. वेगात जाणाऱ्या गाडीतून फेकलेला नारळ हा दगडापेक्षा वेगळा नसतो. वसईच्या खाडीत पाणजू बेट आहे, तेथेही हीच कथा. २०२५ मध्ये तेथल्या पुलावरून चाललेल्या एका तरुणाचा गाडीतून फेकलेला नारळ डोक्यात लागून मृत्यू झाला. फेकणाऱ्याने बहुधा हात जोडले असतील आणि तो पुढच्या स्टेशनावर उतरून कामाला गेला असेल. त्याला ते कळलेही नसेल.

वैतरणेवर सध्या कामांची गर्दी आहे. विरार-डहाणू चौपदरीकरणाची ६४ किलोमीटरची कामे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, आणि वर बुलेट ट्रेनचा सव्वादोन किलोमीटरच्या आसपासचा पूल, जो त्या मार्गावरचा सर्वांत लांब म्हणून सांगितला जातो. खाली मुखाजवळ २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने सुमारे साठ किलोमीटरचा वळसा घालावा लागे तेथे दीड किलोमीटर पाणी ओलांडले की काम होते. चांगलेच झाले. कापसासाठी, मालासाठी, वेगासाठी या नदीवर पूल घालायला माणसाने कधी कंटाळा केलेला नाही. वाढीवची मागणी त्यांपैकी कशाचीच नाही. पायी आणि फार तर दुचाकीने जाता येईल एवढ्या वाटेची आहे, आणि ती फार जुनी आहे.

पुढच्या वेळी सफाळे सोडल्यावर आवाज बदलला की दारातल्या माणसाने बाहेर जरा नीट पाहावे. पुलाच्या कडेला ठराविक अंतरावर, गँगमनला गाडी जाईपर्यंत उभे राहता यावे म्हणून लोखंडी सज्जे काढलेले असतात. माणूसभर रुंदीचे. त्यातल्या एखाद्यात कठड्याला घट्ट धरून, डोक्यावर टोपली किंवा पाठीला दप्तर, तोंड पाण्याकडे करून कोणीतरी उभे असते. गाडीच्या वाऱ्याने पदर उडतो. सगळे डबे निघून गेले की ते मागे वळून पाहते, दुसरी गाडी नाही ना याची खात्री करते आणि स्टेशनाच्या दिशेने चालू लागते.