एका फटक्यात मरणारा निंजा घरी गेल्यावर का बदलला?

"दुकान मस्त चाललंय, आता तोच माल ऑनलाइन टाकायचा, झालं!" असं म्हणणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. उदाहरण एका जुन्या व्हिडिओ गेमचं घेतलंय. गेम खेळत नसाल तरी वाचा, कारण गोष्ट धंद्याची आहे.

जपानच्या सेगा कंपनीने १९८७ मध्ये 'शिनोबी' हा गेम आणला. तो आधी आर्केडमध्ये आला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर. नायक जो मुसाशी हा निंजा. चांदण्या फेकत पुढे जायचं, पळवून नेलेली मुलं सोडवायची आणि शेवटी मोठ्या शत्रूशी सामना. नियम कडक! शत्रूची एक गोळी किंवा तलवारीचा एक वार लागला, की एक जीव गेला. सगळी मुलं सोडवल्याशिवाय टप्पा पार होत नाही.

इतका कडकपणा कशासाठी?

पैसा कुठून येतो ते बघा. आर्केडचा मालक मशीन विकत घेतो आणि त्याची कमाई होते नाण्यांवर. जपानमध्ये साधारण १०० येनचं नाणं, अमेरिकेत २५ सेंटचं. एकच पोरगा एका नाण्यावर तासभर खेळत बसला, तर मागे उभ्या असलेल्यांची नाणी खिशातच राहणार. म्हणून खेळ पटकन संपला पाहिजे, पण "अजून एकदा!" असंही वाटलं पाहिजे. एका फटक्यात मरण हा त्या धंद्याचा हिशोब होता.

घरी गेल्यावर हिशोब उलटा

१९८८ मध्ये सेगाने हाच गेम आपल्या 'मास्टर सिस्टिम' या घरगुती यंत्रावर आणला. पहिली अडचण ताकदीची. आर्केडचं मशीन १६ बिटचं, घरचं ८ बिटचं. चित्रं तितकी देखणी आणि हालचाल तितकी सफाईदार होणार नव्हती.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. इथे पैसे एकदाच मिळतात, तेही आधीच. मागे रांग नाही. आईवडिलांनी कार्ट्रिज घेऊन दिली, की पोराला ती बरेच दिवस पुरली पाहिजे. दर मिनिटाला मरणारा निंजा घरी कोणाला परवडणार?

म्हणून सेगाने नियमच बदलले. निंजाला आयुष्याची पट्टी दिली. फटका बसला की पट्टी कमी होते, लगेच मरण नाही. मुलं सोडवणं सक्तीचं राहिलं नाही, पण सोडवली तर बक्षीस मिळतं. कधी पट्टी वाढते, कधी तलवार, साखळी किंवा नंचाकूसारखं चांगलं हत्यार हाती येतं. आर्केडमध्ये जे सक्तीचं काम होतं, ते घरी कमाईचं साधन झालं. खेळाडू आता जपून चालतो, आपला निंजा हळूहळू तयार करतो.

यात काही गेलंही. आर्केडमधला तो श्वास रोखून खेळण्याचा ताण घरी कमी झाला. पण ओळख गेली नाही. नायक तोच, चांदण्या त्याच, निंजांवर समोरून चांदण्या फेकायचा बोनस टप्पाही कायम. बघणारा लगेच म्हणेल, हा शिनोबीच!

आपल्या दुकानात याचं काय करायचं?

मिसळवाला पार्सल देताना काय करतो? रस्सा वेगळा, फरसाण वेगळं. प्लेटमधली मिसळ तशीच पिशवीत ओतली, तर घरी पोचेपर्यंत लगदा होईल. चव तीच ठेवायची, तर मांडणी बदलावी लागते.

तुम्हीही माल नव्या ठिकाणी नेताना वही घ्या आणि तीन उत्तरं लिहा:

१. इथे पैसे कधी आणि कोण देतो? काउंटरवर गिऱ्हाईक कापड हात लावून बघतं, मग पैसे देतं. ऑनलाइन आधी पैसे, मग हात. तो विश्वास कशाने भरून काढणार?

२. माझा कोणता नियम फक्त जुन्या जागेसाठी होता? "बदलून मिळणार नाही" ही पाटी समोरासमोर चालून जाते. घरबसल्या घेणारा ती वाचून पुढे सरकतो.

३. काय अजिबात बदलायचं नाही? तुमची चांदणी कोणती, ते ठरवा.

तिसरं उत्तर सगळ्यात आधी लिहा. ते पक्कं असेल, तर बाकीचं बदलायला भीती वाटत नाही. तुमची चांदणी कोणती ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!