अंतःकर्णाचा प्रतिसाद आणि नवजात बालकाची श्रवणपरीक्षा

कान केवळ ध्वनी ग्रहण करतो, ही समजूत १९७८ साली मोडीत निघाली. लंडन येथील डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञांनी बाह्यकर्णात सूक्ष्म मायक्रोफोन बसवून क्षणभराचा ‘टिक्’ असा ध्वनी सोडला, तेव्हा काही सहस्रांश सेकंदांनी आतून अतिशय क्षीण ध्वनी परत आला. हा भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी नव्हे. कर्णावर्तातील बाह्य रोमपेशी आलेल्या कंपनाबरोबर स्वतः आखडतात व लांबतात, कंपन वाढवितात. त्यातील अल्प अंश मध्यकर्णातून उलट बाहेर पडतो. उच्च स्वरांचे स्थान कर्णावर्ताच्या तळाशी असल्याने ते आधी परततात, खर्जाचे मागाहून. अंतःकर्णात अशी सक्रिय प्रक्रिया असलीच पाहिजे, असे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच मांडले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आपल्यापैकी काहींना येथे कर्णनादाची आठवण होईल. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या कर्णनादाचा या ध्वनीशी संबंध आढळत नाही. ओढूनताणून मेळ घालू नये.

वैद्यवर्गाशी याचा संबंध येतो तो नवजात बालकांच्या ‘ओ.ए.ई.’ तपासणीमुळे. बालक झोपेत असता काही मिनिटांत ती होते. ‘रेफर’ असा शेरा असलेला कागद घेऊन घाबरलेले आईवडील आपल्याकडे येतात. त्याचा अर्थ बाधिर्य असा नव्हे. कर्णमार्गातील मळ वा मध्यकर्णातील द्रवानेही प्रतिसाद अडतो. बाळाच्या कानात तेल घालण्याची आपल्याकडील घरगुती चालही तपासणीस बाधक ठरते. अशा वेळी कर्णपूरण सुचवून महिने दवडू नयेत. पुनर्तपासणी व गरजेनुसार ‘बेरा’ करवून तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपाययोजना, हा सर्वमान्य दंडक आहे.

उलट ‘पास’ शेऱ्यानेही सर्वस्वी निश्चिंत होता येत नाही. रोमपेशी शाबूत, पण श्रवणनाडी सदोष, असेही घडते. तीव्र कामला झालेल्या वा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकाची ‘बेरा’ अवश्य करावी.

औषधालयचालकांसाठीही एक गोष्ट. जेंटामायसिन, अमिकासिन व सिस्प्लॅटिन प्रथम याच बाह्य रोमपेशींवर आघात करतात, आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कर्णपटलास छिद्र आहे की नाही हे न तपासता कानाचे थेंब, मग ते तेल असो वा प्रतिजैविक, देऊ नयेत.