वीस लिटरचा समुद्र

टाकी जेवढी लहान तेवढा व्याप कमी, अशी समजूत घरी मासे पाळणाऱ्यांमध्ये रुजलेली असते आणि एखाद-दुसरा फायटर मासा ठेवण्यापुरती ती कशीबशी निभावूनही जाते. समुद्रघोड्याच्या बाबतीत मात्र टाकीचा आकार जागेच्या सोयीवर नव्हे, तर प्राण्याच्या जातीवर आणि त्याहूनही अधिक त्याच्या खाण्याच्या रीतीवर ठरतो. अटलांटिक महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावर आढळणारा रेषांकित समुद्रघोडा पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. नर-मादीचे मीलन पाण्यात वर वर चढत होत असल्यामुळे त्याला उंच टाकी लागते आणि एका जोडीसाठी सव्वाशे लिटर पाणी कमीत कमी मानले जाते. फ्लोरिडा, बहामा बेटे आणि मेक्सिकोचे आखात येथील सागरी गवतात राहणारा खुजा समुद्रघोडा, ज्याचे शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी असे आहे, तो पूर्ण वाढल्यावरही जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो आणि त्याला वीस ते चाळीस लिटरची टाकी पुरते. पुरते एवढेच नव्हे, तर तेवढीच टाकी त्याला मानवते, कारण मोठ्या टाकीत त्याचे सूक्ष्म भक्ष्य विखुरते आणि भोवती अन्न असूनही तो उपाशी राहतो. घरगुती लहान मत्स्यालयाचा विचार म्हणूनच या एका जातीपुरता करणे इष्ट ठरते.

समुद्रघोडा हा घोड्यासारख्या डोक्याचा, पण अंतर्बाह्य मासाच आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो. मात्र त्याच्या अंगावर खवले नसून हाडांच्या कड्यांचे चिलखत असते, शेपटीला पर नसतो आणि त्या शेपटीने तो गवताच्या पात्याला विळखा घालून स्थिर राहतो. पाठीवरचा एकच लहान पर सेकंदाला तीसहून अधिक वेळा हलवून तो पुढे सरकतो, तरी खुज्या समुद्रघोड्याची गती तासाला दीड मीटरच्या आसपासच भरते आणि सर्वांत संथ मासा म्हणून त्याची नोंद झालेली आहे. त्याला दात नसतात आणि, पालनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, जठरही नसते. नळीसारख्या तोंडातून गिळलेले भक्ष्य आतड्यातून झपाट्याने पुढे जात असल्याने अन्नाचा साठा शरीरात राहत नाही आणि जागेपणीचा बहुतेक वेळ त्याला खाण्यात घालवावा लागतो.

इतका मंद प्राणी जिवंत भक्ष्य पकडतो कसा, हा प्रश्न टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी हाताळला आणि त्याचे उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोपेपॉड या नावाने ओळखले जाणारे, मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव पाण्यातील अतिसूक्ष्म हालचाल ओळखून निमिषार्धात उडी मारून निसटतात. परंतु खुज्या समुद्रघोड्याच्या डोक्याची घडण अशी असते, की तो जवळ सरकत असताना त्याच्या तोंडाच्या टोकापुढचे पाणी जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे तो भक्ष्याच्या अगदी निकट पोहोचतो आणि मग मान झटकन वर उचलून त्याला आत ओढून घेतो. शांत पाण्यात अशा दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ यशस्वी होतात. यातील ‘शांत पाण्यात’ ही अट टाकी मांडणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी, कारण प्रवाळांच्या टाकीत लावतात तसा जोरदार प्रवाह सोडला, तर या शिकाऱ्याचे एकमेव कौशल्य निकामी होते.

टाकीकडे वळण्यापूर्वी कायद्याचा मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्टात समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद असलेले नळीमासे यांचा समावेश २००१ मध्ये झाला आणि तेव्हापासून त्यांना पकडणे, विकणे किंवा वाळवून साठवणे हा दंडनीय अपराध ठरला. पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचे आखात येथे चिनी औषधांसाठी त्यांचा मोठा उपसा होत असे, ही त्यामागची पार्श्वभूमी आहे. कोकण-गोव्याच्या खाड्यांतही कुडा नावाची जात आढळते, पण जाळ्यात आलेला समुद्रघोडा हौसेने घरी आणणे कायद्याच्या कक्षेबाहेरचे नाही, आणि खाऱ्या पाण्याचे मासे विकणारा एखादा दुकानदार तो गुपचूप देऊ करत असेल, तर तो गिऱ्हाइकालाही अडचणीत आणतो. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सायटीस या कराराने २००४ पासून नियंत्रण आणले आहे. म्हणून पुढील विवेचन अमेरिकेसारख्या देशांत राहणाऱ्या, मत्स्यशाळेत जन्मलेले समुद्रघोडे रीतसर विकत घेऊ शकणाऱ्या वाचकांना उद्देशून आहे. महाराष्ट्रातील वाचकाने ते माहितीसाठी वाचावे. हवाई बेटांवरील कोना येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओशन रायडर या मत्स्यशाळेसारख्या ठिकाणी वाढलेले प्राणी बंदिस्त पाण्याला सरावलेले असतात, तर समुद्रातून पकडलेले प्राणी बहुधा परजीवी घेऊन येतात. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांत जिवंत समुद्रघोडे टपालाने घरपोच देण्याच्या जाहिराती छापल्या जात. जो प्राणी दिवसातून अनेकदा जिवंत अन्न मागतो, तो खेळण्यासारखा पाकिटातून पाठवण्याच्या त्या प्रथेचे समर्थन करणे कठीण आहे.

टाकी मांडण्याचे काम त्या मानाने सोपे असते. तळाशी वाळूचा पातळ थर पसरावा किंवा तळ मोकळाच ठेवावा, म्हणजे उरलेले अन्न दिसते आणि नळीने ओढून काढता येते. शेपटी अडकवण्यासाठी कॉलेर्पासारखे सागरी शैवाल किंवा प्लॅस्टिकची कृत्रिम रोपे लावावीत. गाळणीसाठी स्पंज फिल्टर वापरावा, ज्यात हवेच्या पंपाने उठणारे बुडबुडे पाणी संथपणे स्पंजातून ओढतात. पंख्याच्या यंत्रात अन्न आणि पिल्ले दोन्ही खेचली जातात. पाणी शुद्धीकरण यंत्राचे घ्यावे आणि त्यात मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने, मिसळावे; स्वयंपाकघरातले मीठ येथे निरुपयोगी असते, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर अनेक क्षार ठरावीक प्रमाणात असतात. मत्स्यालयात नवशिक्याची सर्वाधिक फसगत बाष्पीभवनाने होते. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. वीस लिटरमधले एक लिटर पाणी कमी झाले, की लिटरमागे पस्तीस ग्रॅम असलेला खारेपणा जवळजवळ सदतीस ग्रॅमवर पोहोचतो. ही घट खाऱ्या नव्हे, तर गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी आणि त्यासाठी टाकीच्या काचेवर पातळीची एक रेघ आखून रोज पाहावी. मोठ्या टाकीत आठवडाभराचे दुर्लक्षही खपून जाते, लहान टाकीत दोन दिवसांचे खपत नाही.

पाणी भरल्यावर लगेच प्राणी सोडता येत नाहीत. विष्ठा आणि कुजणारे अन्न यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही साखळी बसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तापमान वीस ते चोवीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे, कारण त्याहून उबदार पाण्यात व्हिब्रिओ गटातील रोगकारक जिवाणू वेगाने फोफावतात आणि समुद्रघोड्यांचे अनेक आजार त्यांच्यापासूनच उद्भवतात.

खरा व्याप पुढे आहे, आणि तो टाकीच्या शेजारी उलट्या टांगलेल्या शीतपेयाच्या बाटलीत असतो. खुजा समुद्रघोडा मेलेले किंवा गोठवलेले अन्न सहसा स्वीकारत नाही. त्याला आर्टेमिया या खाऱ्या सरोवरांतील कवचधारी जीवाची नुकती उबलेली पिल्ले दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागतात. या जीवाची अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षे टिकतात आणि डब्यातून विकली जातात. तळ कापलेली बाटली उलटी करून तिच्यात खारे पाणी भरतात, तोंडापर्यंत हवेची नळी सोडतात, लहान चमच्याने अंडी टाकतात आणि वर दिवा ठेवून पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांवर राखतात. सुमारे चोवीस तासांनी पाण्याला नारिंगी झाक येते. मग हवा बंद केली, की रिकामी टरफले वर तरंगतात, न उबलेली अंडी खाली बसतात आणि पिल्ले उजेडाकडे झेप घेत असल्याने बाटलीच्या एका बाजूला दिवा धरला, की तिथे नारिंगी ढगासारखी गोळा होतात. तो ढग बारीक नळीने ओढून, दाट विणीच्या कापडातून गाळून, धुऊन टाकीत सोडायचा असतो. टरफले मात्र टाकीत जाता कामा नयेत, कारण ती पचत नाहीत. पिल्लाच्या पोटातला पिवळा बलक दिवसभरात संपतो आणि नंतर ते पोषणाच्या दृष्टीने पोकळ होते. म्हणून काही तास उलटल्यावर, तोंड उघडून ते स्वतः खाऊ लागले, की त्याला ओमेगा-३ मेदाम्लांनी युक्त शैवालाचे मिश्रण चारतात आणि भरल्या पोटी समुद्रघोड्याला खाऊ घालतात. तात्पर्य, येथे एका प्राण्याचे नव्हे, तर दोन प्राण्यांचे पालन चालते आणि एक बाटली वापरात असताना दुसरी भरलेली असावी लागते.

याच अन्नावर एक शत्रूही पोसला जातो. हायड्रॉइड हे जेलीफिशच्या कुळातील, धाग्याएवढे बारीक, काचेला चिकटून वाढणारे प्राणी आपल्या दंशपेशींनी आर्टेमिया पकडतात आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या समुद्रघोड्यालाही इजा करतात. पिल्ले तर त्यांच्या स्पर्शाने मरतात. ते शैवालावरून, दगडावरून किंवा अंड्यांच्या टरफलांसोबत येतात. अनुभवी पालक म्हणूनच अंडी विरंजक द्रावात बुडवून त्यांचे कवच आधीच विरघळवतात आणि प्राणी आणण्यापूर्वी टाकीवर फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा उपचार करतात, जे एरवी कुत्र्यांना देतात. समुद्रघोड्यांना ते सहन होते. गोगलगायींना मात्र बाधते. सोबतीला दुसरे मासे ठेवण्याचा मोह टाळावा, कारण कोणताही चपळ मासा अन्न आधी संपवतो.

या सर्व खटाटोपाचे फळ लवकर दिसते. मादी अंडी नराच्या पोटावरील शिशुधानीत, म्हणजे पिल्ले वाढवण्याच्या पिशवीत, सोडते. सुमारे दहा ते चौदा दिवसांनी नर झटके देत डझनभर, क्वचित त्याहून बरीच अधिक पिल्ले बाहेर टाकतो. मोठ्या जातींची पिल्ले आरंभी पृष्ठभागाजवळ तरंगत राहिल्याने त्यांच्यासाठी निराळी टाकी लागते, पण खुज्या समुद्रघोड्याची पिल्ले जन्मतःच आर्टेमिया खाऊ शकतात आणि लवकरच गवताला विळखा घालतात, त्यामुळे ती आईबापांसोबतच वाढतात. एका प्राण्याचे आयुष्य वर्षभराच्या आसपास असल्याने टाकी चालू राहते ती या पिढ्यांच्या जोरावर. दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला तीन आठवडे भारतात येणाऱ्या कुटुंबाने मात्र एक गोष्ट आधीच ठरवावी: कोरडे अन्न टाकणारे स्वयंचलित यंत्र या प्राण्याच्या काहीच उपयोगाचे नसते, तेव्हा रोज बाटली लावून पिल्ले गाळून देईल असा शेजारी टाकी विकत घेण्यापूर्वी शोधावा.