प्रवाळांच्या टाकीत व्होडका

एक मिलीलिटरच्या सिरिंजमध्ये साधी, बिनवासाची व्होडका ओढायची, रेघांवर नजर ठेवून थेंब मोजायचे आणि प्रवाळांच्या टाकीत पंपाची धार जिथे जोरात पडते तिथे सोडायचे. युरोप-अमेरिकेतल्या अनेक हौशी मत्स्यपालकांचा हा रोजचा शिरस्ता आहे आणि मुंबई-पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांनाही तो आता नवा राहिलेला नाही. जर्मनीतल्या मिखाएल म्रुत्सेक आणि यॉर्ग कोकॉट यांनी २००४ साली या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. त्याआधी ती तोंडोतोंडी फिरत होती. कुणी साखर घालत होतं, कुणी व्हिनेगर. हेतू सगळ्यांचा एकच होता, पाण्यात साचलेलं नायट्रेट उतरवायचं.

नायट्रेट येतं ते माशांच्या खाद्यातून. खाद्यातली प्रथिनं माशाच्या अंगी लागतात तेवढी लागतात, उरलेला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. जिवाणूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही दुपदरी साखळी सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये उलगडली. अमोनिया माशाला थोडकाही घातक असतो, नायट्रेट मासा बराच सोसतो. त्यामुळे मासेच पाळायचे असतील तर साखळी नायट्रेटपर्यंत पोचली की काम भागतं. प्रवाळांचं तसं भागत नाही. मोकळ्या समुद्रात प्रवाळभित्तीवरच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असतं. घरच्या टाकीत ते २०, ४०, कधी ५० वर जातं. मग प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बेसुमार वाढतात, हिरवे-जांभळे रंग त्यांच्या तपकिरी थराखाली झाकले जातात आणि खडकांवर केसाळ शेवाळ चढतं.

पाणी बदलणं हा पहिला उपाय, पण त्याचं गणित तोकडं आहे. नायट्रेट ४० असताना दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर ते ३६ वर येतं. आठवड्याच्या खाद्यातून पुन्हा ४ ची भर पडली की रीडिंग ४० वरच खिळून राहतं आणि आयात मिठाच्या पिशव्या मात्र संपत जातात. त्यात बाष्पीभवनाची भरपाई विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने होत असेल तर विचारायलाच नको. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालतं आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक गावांच्या भूजलात ते याहूनही जास्त आहे. पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं. म्हणून कुठल्याही डोसचा विचार करण्याआधी भरपाईचं पाणी तपासावं. आरओचं पाणी वापरलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

जुन्या जाणत्यांनी उत्तर टाकीच्या आतच शोधलं होतं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते सागरी जीव सांभाळत. सच्छिद्र खडकाच्या गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी याला प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे उभी नळी, तीत बारीक बुडबुड्यांचा दाट लोट. पाण्यातले सेंद्रिय कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतात आणि माथ्यावरच्या कपात पडतात. आठवड्याने तो कप काढला की तळाशी काळपट हिरवा, उग्र वासाचा रबरबीत गाळ दिसतो. माझ्या मते या छंदातला सगळ्यात आश्वासक दृश्य पुरावा तोच, कारण टाकीतून खरोखर बाहेर पडलेली घाण डोळ्यांना दिसते ती तिथेच.

जिवंत खडक आणि स्किमर असूनही नायट्रेट का साचतं, याचं उत्तर कार्बनच्या टंचाईत आहे. घरी ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांना हे लवकर समजेल. नुसता भाजीचा कचरा साठवला की डब्याला अमोनियाचा वास मारतो. त्यात वाळका पालापाचोळा मिसळला की जिवाणूंना कार्बन मिळतो आणि ते नायट्रोजन स्वतःच्या पेशींत बांधून घेतात. अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली समुद्रातल्या प्लवकांच्या घटकांचं प्रमाण मांडलं. पुढे रूढ झालेल्या आकड्यांत ते कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असं सांगतात. जिवाणूंचं प्रमाण थोडं वेगळं असतं, तरी पेशी बांधायला तिन्ही लागतात हा मुद्दा कायम. टाकीत नायट्रोजन आणि फॉस्फरस उदंड असतात, पटकन पचणारा कार्बन नसतो. तो दिला की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट शोषतात आणि स्किमर त्यातल्या बऱ्याच जिवाणूंना फेसातून बाहेर काढतो. काही जिवाणू स्पंज आणि प्रवाळ खातात. डोस सुरू असलेल्या टाकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत पांढरे-पिवळे स्पंज वाढलेले दिसतात, ते यामुळेच.

याच सूत्रावर मोठमोठी कामं चालतात. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स सांडपाणी प्रकल्पात नायट्रोजन काढण्यासाठी मिथेनॉल वापरतात. मत्स्यशेतीत इस्रायलच्या योराम अव्निमेलेक यांनी १९९९ मध्ये कार्बन-नायट्रोजनच्या गुणोत्तरावर तलाव राखण्याचा विचार मांडला. आपल्याकडे बायोफ्लॉकच्या ताडपत्रीच्या टाक्यांत गूळ नाही तर मळी घालतात, ती याच हिशेबाने. मात्र बायोफ्लॉकमध्ये वाढलेले जिवाणू हेच माशाचं खाद्य असतं. प्रवाळांच्या टाकीत त्यांचा बराचसा भाग बाहेर जाणं आवश्यक असतं. म्हणून ज्या टाकीला चांगला स्किमर नाही, तिथे हा उपाय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मापाकडे वळू. रूढ सुरुवात फार थोड्यावर आहे. १०० लिटर पाण्याला दिवसाला ०.१ मिलीलिटर व्होडका, पहिले तीन दिवस. मग दुप्पट, आणि पुढे आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी वाढ. हे प्रमाण ४० टक्के मद्यार्काच्या व्होडकासाठी आहे. भारतात बनणारी व्होडका सहसा ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे सुमारे सात टक्के तेज. स्वाद मिसळलेली बाटली बाद. व्हिनेगर वापरायचं तर ५ टक्क्यांचं साधारण ८ मिलीलिटर म्हणजे १ मिलीलिटर व्होडकाइतका कार्बन. आपल्या दुकानांत मिळणारं पांढरं व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांचं असतं, त्यामुळे ते १० मिलीलिटर लागेल. गोव्यातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर स्वयंपाकात अप्रतिम, पण त्यात इतर सेंद्रिय द्रव्यंही उतरलेली असतात. टाकीसाठी साधं पांढरंच बरं.

कागदावर हिशेब मांडला तर मोठा मोहात पाडणारा आकडा निघतो. २०० लिटरच्या टाकीत नायट्रेट २५ असेल तर एकूण ५ ग्रॅम झालं. ऑक्सिजनविरहित जागेत सगळं अल्कोहोल नायट्रेटच्या नाशालाच लागलं असं धरलं, तर जेमतेम ५ मिलीलिटर व्होडका पुरते. प्रत्यक्षात तसं होत नाही. बहुतेक जिवाणू पाण्यातल्या ऑक्सिजनवरच जगतात आणि अल्कोहोलचा मोठा वाटा त्यातच खर्ची पडतो. म्हणून परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. नवखा माणूस अधीर होऊन डोस वाढवतो, ते याच टप्प्यावर.

असा वाढवलेला डोस किती धोकादायक ठरू शकतो, हे दुसऱ्या हिशेबातून कळतं. १०० लिटरला १ मिलीलिटर व्होडका एकदम घातली आणि तिचं पूर्ण ज्वलन झालं, तर लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २६ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेला एकूण ऑक्सिजनच जवळपास तेवढा असतो! पंप आणि स्किमर हवा खेळवत असतात तोवर तूट भरून निघते. पण रात्री शैवालांचं प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असताना लाइट गेली, तर सकाळी पाणी दुधासारखं गढूळ आणि मासे पृष्ठभागावर धापा टाकत असलेले दिसतील. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा एअर पंप नसेल तर डोसला हात लावू नये. डोस सकाळी द्यावा, तोही शक्यतो विभागून.

मला यातला सगळ्यात गंभीर प्रश्न मात्र निसर्गातल्या प्रवाळभित्तींनी उभा केलेला वाटतो. सॅन दिएगोच्या फॉरेस्ट रोहवर यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी २००६ मध्ये दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध केले. जेनिफर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी प्रवाळ आणि शैवाल एकाच पात्रात ठेवले. मध्ये इतकं बारीक गाळणं होतं की जिवाणूही आरपार जाणार नाहीत. तरी प्रवाळ मेले. पाण्यात अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातलं तेव्हा मात्र ते वाचले. शैवालातून झिरपलेली सेंद्रिय द्रव्यं प्रवाळावरच्याच जिवाणूंना पोसत होती आणि तेच त्याचा घास घेत होते. डेव्हिड क्लाइन यांच्या प्रयोगात साध्या शर्करांनी प्रवाळाच्या श्लेष्मल थरातल्या जिवाणूंची वाढ दसपट वेगाने झाली. वाईट समजलं जाणारं नायट्रेट त्या मानाने सौम्य ठरलं.

म्हणजे आपण टाकीत जे मुद्दाम करतो, त्याच प्रकाराने समुद्रात प्रवाळ मरतात. मग टाक्या टिकतात कशा? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले केन फेल्डमन, संजय जोशी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मत्स्यालयांच्या पाण्यातले जिवाणू मोजले. स्किमर चालणाऱ्या टाक्यांत ते नैसर्गिक भित्तीवरच्या पाण्याच्या साधारण एक दशांश भरले. घरच्या टाकीत जिवाणूंचा उपसा इतका जोरदार असतो की मुळात त्यांचा दुष्काळच असतो. त्या दुष्काळात थोडा कार्बन खपून जातो. रोज १०० लिटरला १ मिलीलिटर देऊ लागलं, की एका दिवसात लिटरमागे १.६ मिलिग्रॅमहून जास्त कार्बन पडतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या पाण्यात मुळात विरघळलेला सेंद्रिय कार्बन १ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. इथे रोगापेक्षा इलाज भयंकर व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा सापळा शून्याच्या मोहाचा. टेस्ट किटच्या नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकून हलवायचं, मिनिटं मोजायची आणि गुलाबी छटा कार्डावरच्या चौकोनाशी ताडून पाहायची. आठवडे जातात तशी छटा फिकट होत जाते आणि एक दिवस पाणी रंगहीनच राहतं. इथे आनंद होतो, आणि इथेच प्रवाळ पांढुरके पडू लागतात. नायट्रेटच्या आकड्याइतकाच त्याचा फॉस्फेटशी असलेला तोलही महत्त्वाचा. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजं असेल तर प्रवाळातल्या शैवालांच्या पेशीपटलातली स्निग्ध द्रव्यं बदलतात आणि उष्णतेचा, प्रकाशाचा ताण त्यांना सोसत नाही. टाकीत याच्या उलटही घडतं. नायट्रेट संपतं, फॉस्फेट उरतं आणि हवेतला नायट्रोजन वापरू शकणारे लालसर, चिकट सायनोबॅक्टेरिया वाळूवर पसरतात. तेव्हा दोन्ही रीडिंग सोबतच घ्यायची.

   

नायट्रेट २ ते १० च्या दरम्यान आलं, की चढवत नेलेला डोस साधारण निम्म्यावर आणून तिथेच स्थिर ठेवायचा. एकदम बंद करू नये. उपाशी पडलेले जिवाणू मरतात आणि त्यांच्यातला नायट्रोजन पुन्हा पाण्यात येतो. बंदच करायचा असेल तर काही आठवडे घेऊन थेंबाथेंबाने कमी करावा. आणि फॉस्फेट लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या खाली उतरलेलं दिसलं, तर त्या दिवशी सिरिंज बाजूला ठेवून माशांना थोडं जास्त खाऊ घालावं.